चेतक आणि चीताचा इतिहास कोणी लिहावा?

विज्ञानाच्या पुस्तकात यंत्राचा इतिहास बहुधा शोधकापाशी सुरू होतो आणि शोधकापाशीच संपतो. वाफेचे इंजिन म्हटले की जेम्स वॅट, विमान म्हटले की राइट बंधू, एवढे पाठ केले की परीक्षेपुरते काम भागते. पुढे ते यंत्र कोणी चालवले, कोणत्या हवेत चालवले, बिघडले तेव्हा कोणाच्या हातांनी दुरुस्त झाले, हा सगळा भाग पुस्तकाबाहेर राहतो. वास्तविक यंत्राचे खरे आयुष्य शोध लागल्यानंतर सुरू होते.

आपल्या देशात असे दीर्घ आयुष्य लाभलेली दोन यंत्रे म्हणजे चेतक आणि चीता ही हलकी हेलिकॉप्टरे. चेतक १९६२ साली भारतीय वायुदलात आले. चीता त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी आले. पूर, भूकंप, युद्ध, हिमनदी, समुद्र, अशा नाना ठिकाणी ही हेलिकॉप्टरे गेली. आता त्यांची जागा नव्या हेलिकॉप्टरांनी घ्यावी अशी तयारी चालू आहे. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने या कामासाठी तयार केलेल्या नव्या हलक्या हेलिकॉप्टरचे पहिले उड्डाण ६ सप्टेंबर २०१६ रोजी झाले. म्हणजे जुन्या पिढीला निरोप देण्याची वेळ जवळ आली आहे.

निरोपाच्या वेळी एक प्रश्न विचारला पाहिजे. या हेलिकॉप्टरांचा इतिहास कोणी लिहायचा? माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. हा इतिहास यंत्राच्या सांगाड्यात नाही. तो उडवणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या माणसांपाशी आहे. १९६२ साली पंचविशीत असलेला वैमानिक आज नव्वदीच्या आसपास असणार. १९७८ साली तिशीत असलेला तंत्रज्ञ पंचाहत्तरी ओलांडून गेला. या मंडळींत मराठी माणसेही आहेत, आणि निवृत्त झाल्यावर माणूस आपल्या गावी, आपल्या तालुक्याला परत येतो. त्यांच्या आठवणी टिपून घेणे हे केवळ कौतुकाचे काम नाही. ते शास्त्रीय काम आहे, आणि शाळांनी ते हाती घ्यावे.

चंडोलाचे भारतीय वंशज

चेतकाचा मूळ फ्रेंच अवतार म्हणजे ‘आलुएत-३’. आलुएत या फ्रेंच शब्दाचा अर्थ चंडोल पक्षी. या कुळातील ‘आलुएत-२’ १२ मार्च १९५५ रोजी प्रथम उडाले. गॅस टर्बाइनवर चालणारे आणि कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडलेले हे पहिले हेलिकॉप्टर. त्याआधीच्या हेलिकॉप्टरांना मोटारगाडीसारखे दट्ट्याचे इंजिन असे. ते जड असे आणि त्या मानाने शक्ती कमी देई. टर्बाइन आले आणि थोड्या वजनात पुष्कळ शक्ती मिळू लागली.

‘आलुएत-३’ २८ फेब्रुवारी १९५९ रोजी उडाले. १९६० च्या जूनमध्ये सात माणसांना घेऊन ते आल्प्स पर्वतातील माँ ब्लाँ या ४,८१० मीटर उंचीच्या शिखरावर उतरले. त्याच वर्षी नोव्हेंबरात दोन माणसे आणि २५० किलो वजन घेऊन ते हिमालयात सुमारे ६,००० मीटर उंचीवर उतरले. हिमालयाची सीमा राखणाऱ्या देशाला याचे महत्त्व सांगावे लागत नाही. १९६२ साली ते भारतात बनवण्याचा करार झाला आणि १९६५ साली बंगलोरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सने पहिले हेलिकॉप्टर सुपूर्द केले. राणा प्रतापाच्या घोड्याचे नाव त्याला मिळाले ते योग्यच होते.

चीताची गोष्ट आणखी रंजक आहे. साठीच्या दशकाच्या अखेरीस भारतीय सैन्याला उष्ण हवेत आणि फार उंचीवर काम करणारे हेलिकॉप्टर हवे होते. फ्रेंच अभियंत्यांनी ‘आलुएत-२’चा हलका सांगाडा मजबूत करून घेतला आणि त्याला ‘आलुएत-३’चे शक्तिमान इंजिन व पंखा बसवला. लहान शरीर आणि मोठे हृदय असा हा प्रकार. १७ मार्च १९६९ रोजी ते प्रथम उडाले. फ्रेंचांनी त्याचे नाव ठेवले ‘लामा’, आपण ठेवले ‘चीता’. त्याच वर्षी हिमालयातील चाचण्यांत ते ७,५०० मीटर उंचीवर उतरले आणि तेथून पुन्हा उडाले. १९७० मध्ये करार झाला, १९७२ मध्ये भारतात जुळवलेले पहिले चीता उडाले. पुढे आपल्याकडे तीनशेहून अधिक चेतक आणि अडीचशेहून अधिक चीता तयार झाली.

२१ जून १९७२ रोजी फ्रान्समध्ये झां बुले या वैमानिकाने याच लामा जातीचे हेलिकॉप्टर १२,४४२ मीटर उंचीवर नेले. खाली उतरू लागताच अतिथंड, विरळ हवेत इंजिन विझले. बुले यांनी इंजिनाशिवाय, केवळ खालून वर येणाऱ्या हवेने पंखा फिरत ठेवून हेलिकॉप्टर सुखरूप जमिनीवर आणले. पिंपळाचे वाळके पान जसे गरगरत संथ खाली येते, तसाच काहीसा हा प्रकार आहे. प्रत्येक हेलिकॉप्टर-वैमानिकाला हे कौशल्य शिकावे लागते.

विरळ हवेचे गणित

हा इतिहास जपणे हे शास्त्रीय काम आहे असे मी म्हटले. ते कसे, हे समजण्यासाठी थोडे पदार्थविज्ञान पाहू.

हेलिकॉप्टर हवेत कसे टिकते? त्याचा पंखा हवा खाली ढकलतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे हवा पंख्याला वर ढकलते. दर सेकंदाला जितकी अधिक हवा खाली ढकलावी आणि जितक्या अधिक वेगाने ढकलावी, तितकी उचल अधिक. हवा विरळ झाली की दर सेकंदाला हाती लागणाऱ्या हवेचे वस्तुमान कमी होते. मग तीच उचल मिळवण्यासाठी हवा अधिक वेगाने ढकलावी लागते, आणि त्यासाठी शक्ती अधिक लागते.

आकडे घालून पाहा. चीताच्या पंख्याचा व्यास सुमारे ११ मीटर. म्हणजे पंखा फिरताना व्यापलेले क्षेत्र सुमारे ९५ चौरस मीटर. हेलिकॉप्टरचे वजन १,७०० किलो धरा. समुद्रसपाटीवर हवेची घनता दर घनमीटरला १.२२५ किलो असते. अशा हवेत एका जागी तरंगण्यासाठी पंख्याला आपल्यातून जाणारी हवा सेकंदाला सुमारे ८.४ मीटर वेगाने खाली न्यावी लागते आणि त्याला किमान १४० किलोवॉट शक्ती लागते. ६,००० मीटर उंचीवर घनता ०.६६ पर्यंत उतरते. तेथे तोच वेग ११.५ मीटर होतो आणि शक्ती १९२ किलोवॉटच्या आसपास जाते. हा झाला आदर्श हिशेब. पात्यांचे घर्षण आणि शेपटीकडचा लहान पंखा यांचा खर्च वेगळा.

म्हणजे उंचीवर गरज वाढते. नेमक्या त्याच वेळी विरळ हवेमुळे इंजिनाची शक्ती घटते. उत्पन्न कमी आणि खर्च जास्त, अशी ही दुष्काळी वर्षाची स्थिती आहे. चीताच्या रचनाकारांनी यावर एक जुनाच उपाय योजला, तो म्हणजे शिल्लक. त्याचे इंजिन समुद्रसपाटीवर ८७० अश्वशक्ती देऊ शकते, परंतु त्यातील सुमारे ५५० अश्वशक्तीच वापरण्याची मुभा असते. उरलेली क्षमता वर चढताना होणारी तूट भरून काढते. जेथे दुसरी हेलिकॉप्टरे थकतात तेथे चीता उभे राहते, त्याचे रहस्य हे आहे.

हे गणित फक्त हिमालयाचे आहे असे मात्र समजू नका. उष्णतेनेही हवा विरळ होते. मुदखेड समुद्रसपाटीपासून सुमारे ३६० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब ९७,००० पास्कलच्या आसपास धरा. मे महिन्यात दुपारी पारा ४२ अंशांवर गेला की केल्व्हिन मापात तापमान झाले ३१५. दाबाला २८७ गुणिले ३१५ या गुणाकाराने भागा. घनता येते सुमारे १.०७. प्रमाणित वातावरणाचा तक्ता काढून पाहिला तर ही घनता सुमारे १,३५० मीटर उंचीवर भेटते. ही तर महाबळेश्वरची उंची. आपल्या दृष्टीने आपण मुदखेडच्या उन्हात उभे असतो, पण हेलिकॉप्टरचा पंखा महाबळेश्वराच्या उंचीवरची विरळ हवा कापत असतो. वैमानिक आपल्या मनात ही दुसरी उंची बाळगूनच उड्डाण करतो. हा हिशेब नववी-दहावीचा कोणताही विद्यार्थी स्वतः करू शकेल.

जे पुस्तिकेत नसते

यंत्राबरोबर कारखान्याची पुस्तिका येते. किती उष्णतेत, किती उंचीवर, किती वजन उचलता येईल याचे आलेख तिच्यात असतात. परंतु पुस्तिका लिहिणाऱ्याने ज्याची कल्पना केली नाही, तेही काम यंत्राला करावे लागते. तेव्हा ज्ञान पुस्तिकेतून निघून माणसाच्या हातात येते.

सियाचीनचे उदाहरण घ्या. १९७८ मध्ये भारतीय वायुदलाचे चेतक या हिमनदीवर उतरले. १३ एप्रिल १९८४ रोजी ‘ऑपरेशन मेघदूत’ सुरू झाले आणि त्यानंतर तेथील ठाण्यांचे जीवन या हलक्या हेलिकॉप्टरांवर अवलंबून राहिले. काही ठाणी ६,००० मीटरहून उंच आहेत. तेथे घोटभर रॉकेलसुद्धा हेलिकॉप्टरने पोचवायचे. सर्वांत वरच्या ठाण्यांवर एका खेपेला अगदी थोडे ओझे नेता येते, कारण वर सांगितलेली शिल्लक तेथे संपत आलेली असते. उतरायची जागा म्हणजे बर्फावरचा एक लहानसा सपाट तुकडा. इंजिन बंद करायचे नाही, कारण त्या थंडीत आणि विरळ हवेत ते पुन्हा सुरू होईल याची खात्री नसते. पंखा फिरत असतानाच सामान उतरवायचे, आजारी जवानाला आत घ्यायचे आणि निघायचे. वाऱ्याची दिशा कशावरून ओळखावी, नुसत्या पांढऱ्या बर्फावर जमिनीचे अंतर कसे जोखावे, इंजिनाच्या आवाजात कोणता फरक ऐकू आला म्हणजे सावध व्हावे, हे सारे एका वैमानिकाने दुसऱ्याला शिकवायचे ज्ञान आहे.

दुसरे उदाहरण १९७१ चे. बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामात नागालँडमधील दिमापूर येथे २८ सप्टेंबर १९७१ रोजी एक चिमुकले हवाई पथक उभे राहिले. ‘किलो फ्लाइट’ हे त्याचे नाव. त्याच्याजवळ एक डाकोटा, एक ऑटर आणि एक आलुएत एवढीच सामग्री होती. आलुएत हे काही लढाऊ यंत्र नव्हे. पण त्याच्यावर रॉकेटे आणि मशीनगन बसवली, खालून येणाऱ्या गोळ्यांपासून बचाव व्हावा म्हणून तळाला पोलादी पत्रा जोडला. ३ डिसेंबर १९७१ च्या रात्री सुलतान महमूद आणि बद्रुल आलम या वैमानिकांनी त्यातून नारायणगंजजवळच्या तेलसाठ्यावर हल्ला केला. पत्र्याचे वजन वाढले तेव्हा गुरुत्वमध्य कोठे सरकला असेल? रॉकेट सुटताना हेलिकॉप्टरला किती धक्का बसत असेल? पदार्थविज्ञानाच्या तासाला विचारण्याजोगे हे प्रश्न आहेत. ही हकीकत आज आपल्याला ठाऊक आहे, कारण भाग घेणाऱ्यांनी ती सांगितली आणि कोणीतरी ती लिहून ठेवली. जी सांगितली गेली नाही अशी हकीकत कितीही मोलाची असली तरी नाहीशी होते.

आपल्या मराठी मुलखाचाही या इतिहासाशी निकटचा संबंध आहे. सेनेतील हवाई निरीक्षक पूर्वी तोफखान्याच्या छत्राखाली काम करीत, आणि तोफखान्याचे शिक्षण देणारी संस्था नाशिकजवळ देवळालीला आहे. १ नोव्हेंबर १९८६ रोजी सेनेचे स्वतंत्र हवाई दल स्थापन झाले. त्याच्या वैमानिकांना शिकवणारी शाळा २००३ पासून नाशिक रोडला आहे. तेथे कित्येक तरुण अधिकारी चेतक आणि चीतावर हात बसवून बाहेर पडले. २५ मे २०२२ रोजी याच शाळेतून कॅप्टन अभिलाषा बराक या सेनेच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक म्हणून उत्तीर्ण झाल्या. नौदलाची चेतकाने सज्ज अशी तुकडी १९६९ साली उभी राहिली. मुंबईच्या कुलाब्यातील ‘शिक्रा’ तळाशी तिचे नाते आहे. तेव्हा हा विषय दूरच्या बर्फाळ प्रदेशाचा आहे, आपला नाही, असे म्हणता येणार नाही.

चौथऱ्यावरचे यंत्र पुरेसे नाही

कोणी म्हणेल, यासाठी संग्रहालये आहेत. आहेत, आणि ती चांगली आहेत. गोव्यात दाबोळीजवळ १९९८ पासून नौदलाचे विमान-संग्रहालय आहे, तेथे चेतक उभे आहे. बंगलोरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे स्वतःचे संग्रहालय आहे. अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. शाळांच्या सहली तेथे गेल्याच पाहिजेत. २ एप्रिल २०२२ रोजी चेतकाच्या सेवेला साठ वर्षे झाल्याबद्दल सिकंदराबादजवळच्या हकीमपेठ येथे वायुदलाने समारंभही केला. मुदखेडहून रेल्वेने एका दिवसात पोचता येईल अशा अंतरावर हे घडले.

परंतु समारंभ एका दिवसाचा असतो आणि चौथऱ्यावरचे यंत्र मुके असते. त्याखालच्या पाटीवर लांबी, वजन, वेग आणि इंजिनाचे नाव असते. पंख्याचा आवाज तेथे ऐकू येत नाही. चीताचा पंखा मिनिटाला सुमारे साडेतीनशे फेऱ्या करतो आणि त्याला तीन पाती आहेत. म्हणजे सेकंदाला १७-१८ ठोके. ही कंपनसंख्या माणसाच्या कानाच्या मर्यादेखाली आहे; आपल्याला ऐकू येतात ते तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे स्वर. शेवटचे चीता निवृत्त होण्याआधी कोणी त्याचा आवाज नीट ध्वनिमुद्रित करून ठेवला, तर पुढच्या पिढीतील विद्यार्थी त्यावर प्रयोग करू शकतील. हीसुद्धा इतिहासाची कागदपत्रेच आहेत.

लेखी पुरावा नसला की काय होते, याचेही उदाहरण आहे. १९९९ च्या कारगिल युद्धात गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन या वैमानिकांनी चीता उडवले. २०२० साली गुंजन सक्सेना यांच्यावर चित्रपट निघाला. त्यातील काही चित्रणाला वायुदलाने चित्रपट मंडळाला पत्र लिहून हरकत घेतली. चित्रपट आणि वायुदल यांच्यात कोणाचे बरोबर, हा निवाडा येथे करायचा नाही. मुद्दा एवढाच की लाखो मुलांना ही वैमानिके चित्रपटातून भेटली. जेथे साक्षी तपशीलवार नोंदलेल्या नसतात, तेथे पडद्यावरची कथा हाच इतिहास होऊन बसतो.

काही आक्षेप

या सूचनेवर तीन आक्षेप घेतले जातील. त्यांना उत्तरे दिली पाहिजेत.

पहिला आक्षेप गुप्ततेचा. सैन्याच्या गोष्टी विचारू नयेत, असे पुष्कळांना वाटते. हा आक्षेप रास्त आहे आणि त्याची मर्यादा पाळलीच पाहिजे. आज कोणते पथक कोठे आहे, ठाण्यांच्या जागा, संदेशांच्या पद्धती, असे काही विचारायचे नाही. सांगणाऱ्याने ओघात सांगितले तरी लिहायचे नाही. पण थंडीत इंजिन सुरू करायला काय करावे लागे, हाताची बोटे बधिर झाली असता स्क्रू कसा फिरवत, पावसाळ्यात पात्यांची निगा कशी राखत, पहिल्यांदा एकट्याने उडताना कसे वाटले, यात गुपित कसले?

दुसरा आक्षेप असा की, ही यंत्रे जुनी झाली, त्यांचे गोडवे कशाला? हा आक्षेप अधिक गंभीर आहे. या हेलिकॉप्टरांना अपघात झाले आहेत आणि त्यांत माणसे गेली आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये तवांगजवळ आणि मार्च २०२३ मध्ये अरुणाचलातच मंडला भागात चीता कोसळून वैमानिकांचे प्राण गेले. त्याआधीच, २०१४-१५ च्या सुमारास, सेनाधिकाऱ्यांच्या पत्नींच्या एका गटाने ही जुनी हेलिकॉप्टरे बदलावीत अशी मागणी लावून धरली होती आणि ती तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्यापर्यंत नेली होती. माझे मत असे की इतिहास लिहायचा तर हेही त्यात आले पाहिजे. यंत्र किती वर्षे वापरावे, नवे येण्यास उशीर का होतो आणि त्या उशिराची किंमत कोण मोजतो, हे विज्ञानाचेही प्रश्न आहेत. केवळ पराक्रमाच्या गोष्टी गोळा केल्या तर ते पोवाडे होतील, इतिहास होणार नाही. आणि अपघात लपवून ठेवला तर त्यातून शिकण्याजोगे जे होते तेही हरवते.

तिसरा आक्षेप शिक्षकांचा. अभ्यासक्रम पुरा होत नाही, त्यात हे कोठे बसवायचे? त्याला उत्तर असे की, प्रकल्प तर दरवर्षी करावेच लागतात. बाजारातून थर्मोकोल आणून ज्वालामुखी करण्यापेक्षा गावातल्या निवृत्त तंत्रज्ञाकडून इंजिनाची निगा समजावून घेणे अधिक शिकवून जाईल. शिवाय खर्च काहीच नाही.

मुदखेडात बसून काय करता येईल?

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असते. नांदेडला आणि लातूरलाही आहे. शाळेने तेथे रीतसर पत्र लिहावे. हेलिकॉप्टर-पथकांत काम केलेले कोणी माजी सैनिक तालुक्यात आहेत का, आणि ते विद्यार्थ्यांशी बोलायला राजी आहेत का, अशी विचारणा करावी. वैमानिकच सापडला पाहिजे असा हट्ट नको. इंजिन सांभाळणारा, विजेची जोडणी पाहणारा, इंधन भरणारा, बर्फावर उतरण्याची जागा तयार करणारा, हेलिकॉप्टरने रुग्णालयात पोचून वाचलेला जवान, हे सगळे साक्षीदार आहेत. अधिकाऱ्यांची आत्मचरित्रे इंग्रजीत निघतात, हवालदाराची आठवण मराठीत असते आणि मराठीतच विरून जाते. नेमकी तीच टिपायची आहे.

टिपताना काही नियम पाळावेत. पहिला नियम, आधी संमती. बोलणाऱ्याची आणि घरच्यांची परवानगी घ्यावी, आणि जे नको म्हणतील ते सोडून द्यावे. दुसरा नियम, प्रत्येक नोंदीवर दिनांक, ठिकाण आणि टिपणाऱ्याचे नाव हवे. तिसरा नियम, ‘मी पाहिले’ आणि ‘मी ऐकले’ यांचे दोन वेगळे रकाने करावेत. प्रयोगवहीत आपण निरीक्षण आणि अनुमान वेगळे लिहितो, तसेच हे. चौथा नियम, ताडून पाहणे. प्रत्येक वैमानिकाजवळ उड्डाणांची नोंदवही असते. तीत तारीख, हेलिकॉप्टरचा क्रमांक, उड्डाणाचे काम आणि तास लिहिलेले असतात. स्मरण आणि नोंदवही यांत फरक पडला तर दोन्ही लिहून ठेवावे, एक खोडू नये. माणसाची स्मृती तारखा विसरते. पण भीती, थंडी आणि आवाज विसरत नाही, आणि नोंदवहीत नेमके तेच नसते. पाचवा नियम, सोपा पण महत्त्वाचा. प्रत्येक नोंदीच्या दोन प्रती, दोन वेगळ्या जागी. एक शाळेत, दुसरी सार्वजनिक ग्रंथालयात. केवळ मोबाइलमध्ये ठेवलेली गोष्ट मोबाइल बदलला की जाते.

शोधाची दुसरी बाजू आपल्या गावाची आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि धाराशिव, म्हणजे तेव्हाचा उस्मानाबाद, या जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे मरण पावली, आणि मदतीसाठी सैन्य आले. त्या काळात तुमच्या गावाच्या शिवारात हेलिकॉप्टर उतरले होते काय? गोदावरीच्या पुरात कधी आले होते काय? कोणत्या शेतात उतरले, कोणाला घेऊन गेले, धूळ किती उडाली, पिकाचे काय झाले? आजी-आजोबांना विचारा. मिळालेल्या उत्तरांचा गाववार नकाशा करा. अशा दहा शाळांचे नकाशे एकत्र आले की जिल्ह्याचा एक अभ्यासपूर्ण लेख तयार होतो.

मोठ्या संस्थांकडूनही काही अपेक्षा आहेत. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात इतिहास आणि पदार्थविज्ञान या दोन विभागांनी मिळून असा एक प्रकल्प घ्यावा; दोघांनी एकमेकांच्या भिंती ओलांडण्याचे ते निमित्त होईल. नाशिकच्या शाळेने आपल्या माजी शिक्षकांच्या आणि तंत्रज्ञांच्या मुलाखती त्यांच्या त्यांच्या मातृभाषेत मुद्रित कराव्यात. आणि निवृत्त होणारी हेलिकॉप्टरे शहरांच्या चौकांत शोभेसाठी उभी करण्याऐवजी त्यांतील काही विज्ञान केंद्रांना द्यावीत. पाती, गिअर, टर्बाइन उघडून दाखवता येतील अशा रीतीने. सोबत त्या विशिष्ट हेलिकॉप्टरच्या आयुष्याची नोंद, म्हणजे ते कोठे कोठे गेले, त्याचे कोणते भाग कधी बदलले, यातील जे जाहीर करता येईल ते द्यावे. तेव्हा विद्यार्थी एका जातीच्या यंत्राऐवजी एका यंत्राला ओळखतील.

मराठवाड्याला उशिराचा अनुभव आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामात पुढाऱ्यांची नावे इतिहासात आली, परंतु निरोप पोचवणाऱ्या, भाकरी बांधून देणाऱ्या, रात्री रूळ उखडणाऱ्या कितीतरी साध्या माणसांच्या आठवणी वेळेवर लिहून घेतल्या गेल्या नाहीत. विचारायला गेलो तेव्हा ती माणसे उरली नव्हती. तीच चूक दुसऱ्यांदा करण्याचे कारण नाही. या दिवाळीच्या सुटीत प्रत्येक शाळेने एका माजी सैनिकाची एक तासाची मुलाखत घेतली, आणि तिची दोन पाने स्वच्छ अक्षरात लिहून ग्रंथालयात ठेवली, तरी कामाला सुरुवात झाली असे म्हणता येईल. प्रश्नांची यादी शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून आधी तपासून घ्यावी. त्यांना सुचणारे प्रश्न बहुधा आपल्याला सुचत नाहीत.